दोन बोटं कापड

मधुवंती मॅडमनी पोलकं हातात घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि काही न विचारता एका झटक्यात उलटं केलं. एवढंच झालं. पण समोर उभ्या सोनिकाला वाटलं, आपल्यालाच कुणी काखेत धरून आतून बाहेर काढलं. दोन्ही बाजूंच्या शिवणींतून पांढऱ्या कापडाच्या रुंद पट्ट्या लोंबल्या, पेंगुळलेल्या गाईच्या कानांसारख्या, आणि एसीच्या वाऱ्यावर हलायला लागल्या. परक्या घरात असं हलायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"हे काय?"

"मार्जिन, मॅडम."

"मार्जिन?" मॅडमनी पट्टीवर आपली दोन बोटं आडवी ठेवली. बरोबर मावली. "अगं, एवढ्यात माझ्या भाचीचा फ्रॉक होईल!"

आणि त्या हसल्या. हसणं अगदी निर्मळ होतं, तिथेच सगळी पंचाईत. कुजकट हसण्याला मनातल्या मनात शिव्या घालता येतात. निर्मळ हसण्यापुढे माणूस नुसता उभा राहतो, हातात प्लास्टिकचं फोल्डर घेऊन, आणि फोल्डरमधलं कॉलेजचं कोरं पत्र घामानं चिकटत राहतं. त्या पत्राच्या तळाशी एक ठिपक्यांची ओळ होती: इंटर्नशिप देणाऱ्या संस्थेची सही व शिक्का. उद्या दुपारी बारा वाजता कॉलेजचं पोर्टल बंद होणार होतं. ठिपके कोरे राहिले की शेवटचं सेमिस्टर लटकलं, वर्ष गेलं. आणि मधुवंती मॅडम आज साडेपाचला विमानतळावर निघणार होत्या, मुंबईच्या प्रदर्शनासाठी, चार दिवस. नागपुरात, शंकरनगरच्या गल्लीतल्या या स्टुडिओत भिंतीवरचं घड्याळ तीन दाखवत होतं. घड्याळाला आकडे नव्हते. आकडे नसलेलं घड्याळ पाहूनही सोनिकाला चीड आली. वेळसुद्धा इथे ओळखीच्यांनाच कळावी!

हा त्रेचाळिसावा अर्ज. बेचाळीस अर्ज तिने जुलैपासून केले होते, कामठीच्या घरात, मशीनच्या बाजूला जमिनीवर बसून, कारण रेंज फक्त खिडकीखाली यायची आणि खिडकीखाली आईचं मशीन होतं. वर आईचे पाय पायटा चालवायचे, खाली लेकीचा अंगठा फॉर्म भरायचा. तुमची फॅशनची व्याख्या एका वाक्यात लिहा. तुमच्या पॅशनला एक ते पाचमध्ये गुण द्या. आमचं पेज फॉलो करा आणि तीन मैत्रिणींना टॅग करा. तुम्ही कापड असता तर कोणतं असता? पहिल्यांदा तिने विचार करून लिहिलं, मलमल. दुसऱ्यांदा ऑर्गॅन्झा, कारण तो स्टुडिओ मोठा होता. पुढे पुढे प्रश्न तोच, डोकं तेच, आणि एका दुपारी वैतागून तिने 'पोछा' लिहिलं. खोडायच्या आत बोट सबमिटवर पडलं. त्या एकाच ठिकाणाहून तासाभरात उत्तर आलं. तुमचा प्रामाणिकपणा आम्हाला फार आवडला, पण आम्ही मुंबईतच राहणाऱ्या उमेदवाराच्या शोधात आहोत. बाकीच्या ठिकाणी दोन निळ्या रेघा. वाचलं, आणि पुढं गेले. एका जाहिरातीत इंटर्नशिपसाठी किमान एक वर्षाचा अनुभव मागितला होता. मानधन नाही, शिकायला भरपूर. ते वाचून ती मोठ्यानं म्हणाली होती, "म्हंजे गिरणीवाल्यानं म्हणायचं, आधी पीठ आण, मंग दळून देतो!" आईनं पायटा न थांबवता विचारलं होतं, "कोन्ती गिरणी वं?"

प्लेसमेंटचे ऋषी सर म्हणाले, "बेटा, नेटवर्किंग कर. तुझ्या ओळखीत टेक्स्टाइलमधलं कोणीतरी असेलच ना!" होतं ना. बाबा होते. चौदा वर्षं पॉवरलूमवर. पाठमोरे बसूनही त्यांना लूमच्या आवाजावरून कळायचं की कुठल्या बाजूचा धागा तुटला. लूम विकले गेले तेव्हा मालकानं दिलेला पांढऱ्या मलमलीचा शेवटचा तागा त्यांनी खांद्यावर टाकून घरी आणला, न बोलता, झोपलेलं लेकरू आणावं तसा. आता ते वाडीला एका गोडाऊनच्या फाटकावर ट्रकांचे नंबर लिहितात. ही ओळख फॉर्मच्या कोणत्या रकान्यात लिहायची? वर्गातल्या चिन्मयीची मावशी पुण्याला एका ब्रँडमध्ये होती, तिला एका फोनवर पत्र मिळालं. तिच्यावर जळावं म्हटलं तर तेही धड जमेना. चिन्मयीचा परवा रडका फोन आला, की तिला आठवडाभर बटणांचे डबे रंगाप्रमाणे लावायला बसवलं आहे आणि मोतिया कुठे संपतो, सायीचा रंग कुठे सुरू होतो यावर रोज कुणीतरी ओरडतं.

आणि ती पत्रं. सोबत दीडशे शब्दांत स्वतःविषयी लिहा, असं सगळ्यांनाच हवं असायचं. पहिल्या पत्रात सोनिकानं लिहिलं होतं, माझी आई जया कामठीला पोलकी शिवते आणि फॉल-पिको करते. मी तिच्या मशीनच्या पायाशी मोठी झाले, सुईत दोरा ओवायला मला अक्षरांच्या आधी आलं. एकशे बावन्न शब्द झाले, मग दोन काढले. उत्तर आलं नाही. दहाव्या पत्रात आईचा 'घरगुती वस्त्रउद्योग' झाला. विसाव्यात कामठीचं नागपूर झालं. तिसाव्यात बाबांचा लूम 'भारतीय विणकामाची परंपरा' झाला, आणि त्या परंपरेला जागा करायला आई निघाली. सोनिकाला ते लक्षातही आलं नव्हतं. कुठूनतरी कापावं लागतंच, म्हणून कापत गेली, आणि एक दिवस वाचून पाहिलं तर पत्र छान गुळगुळीत झालं होतं आणि त्यात कुणीच राहत नव्हतं.

मधुवंती मॅडमनी मात्र पत्र मागितलंच नाही. निरोप दोन ओळींचा होता: ओळखीच्या व्यक्तीसाठी स्वतः शिवलेली एक वस्तू घेऊन या, आज तीन वाजता. म्हणून हे पोलकं. बाबांच्या शेवटच्या ताग्यातलं, आईसाठी, येत्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना पांढऱ्या लुगड्यावर घालायला. आई सकाळी कुरकुरली होती. "माह्यं पोलकं त्या बाईले कायले दाखवतं? तिची छाती काय, माही काय." मग स्वतःच घडी घातली, वर्तमानपत्रात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं. "संबाळून आन. एकच हाय."

दरवर्षी त्या दिवसाआधी आई आपलं जुनं पांढरं पोलकं काढायची, उलटं करायची आणि खिडकीच्या उजेडात धरायची. आत शिवणींच्या जुन्या रेघा असत, एकीशेजारी एक. ही सोनिकाच्या जन्मानंतरची, बाहेर सरकलेली. ही लूम विकले त्या वर्षीची, तेव्हा उलट आत घ्यावी लागली. ही थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हाची, एकदम अर्धं बोट बाहेर. आईनं आयुष्यात कधी वही लिहिली नाही. लिहायचं ते सगळं तिनं तिथे लिहिलं, जिथे कुणी वाचत नाही. गिऱ्हाइकालाही ती सांगायची नाही की आत दोन बोटं कापड सोडलंय. दोन-तीन वर्षांनी बाई यायची, ओशाळी, पदर सावरत. "जयाबाई, जरासं तंग होऊन राहिलं वं." आई म्हणायची, "होतेच. जित्या माणसाचं आंग हाय, भित हाय का?" ब्लेडनं शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर ओढायची, नवी रेघ मारायची. बाई आरशात पाहायची, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरायचं, मापं चुकल्याची शरम असेल, किंवा म्हातारपणाची भीती. मग मशीनच्या तालावर आई गुणगुणायची, कुठून ऐकलेलं की स्वतःच जुळवलेलं, तिलाही सांगता आलं नसतं:

दोन बोटं वं कापड, शिवणीच्या आड राहे
लेकीच्या वाढीची वं, माय माही वाट पाहे

कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, शिवणीला एक सेंटिमीटर पुरे. कारखान्यात कापड असं वाया घालवलं की धंदा बसतो. सोनिकानं वहीत लिहून घेतलं, परीक्षेत तेच लिहिलं, गुणही मिळवले. आणि आईचं पोलकं बेतायला बसली तेव्हा खडू धरलेला हात आपोआप दोन बोटं बाहेर सरकला. हाताला परीक्षा द्यायची नव्हती.

"ऐकतेयस ना?" मॅडम म्हणत होत्या. "हात छान आहे तुझा. बाही बघ कशी बसलीय. पण हे," त्यांनी पट्टी चिमटीत धरून हलवली, "हे गल्लीतल्या टेलरचं काम झालं. आपण क्लीन फिनिश देतो. असं कर, आत वर्कशॉपमध्ये बस, हे सगळं काप, एक सेंटिमीटरवर आण, कडा साफ कर. साडेपाचच्या आत मला दाखव, मी लगेच सही करते. ठीक?"

ठीक. काय म्हणणार? त्रेचाळीस वेळा ठीकच म्हटलं होतं. ती आत गेली.

वर्कशॉप मागच्या बाजूला होतं, काचेच्या दारापलीकडे. एसीची हवा काचेलाच थांबत असावी. आत इस्त्रीची वाफ, मशीनच्या तेलाचा वास, पुठ्ठ्याचे ड्राफ्ट खिळ्यांना लटकलेले. ओळखीचा वास आला तसं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून अजून चिडचिड झाली. बाहेर पाहुण्यांना बसायला बांबूचे मुढे आणि काळी कॉफी, आणि ज्याच्या जिवावर हे सगळं, ते इथे, पंख्याखाली. कोपऱ्यातल्या मशीनवर एक मास्तर बसले होते, साठीचे, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी मान वर केली नाही. तिनं टेबलावरची कात्री घेतली. मोठी, वजनदार, नीट धार लावलेली. अशी कात्री हातात आली की आपोआप सरळ कापलं जातं. डावी बाजू. काखेपासून कमरेपर्यंत. मलमल कापताना पाखरं दाण्यांवर चालावीत तसा आवाज होतो. पत्रातून आईचं नाव गेलं, गाव गेलं, लूम गेला, आई गेली, कर, कर, कर, दीडशे शब्दांत बसायला हवं, आणि पट्टी सुटून तिच्या चपलेवर पडली. इतकी हलकी, की पडल्याचं पायाला कळलं नाही.

"काय करून राहिली वं पोरी?"

मास्तर उभे होते. त्यांनी खाली पडलेली पट्टी पाहिली, मग पोलकं पाहिलं.

"मॅडमनी सांगितलं. एक सेंटिमीटर."

"मॅडम तं मलेबी सांगते. अकरा वर्षं झाले सांगून राहिली." त्यांनी तिच्या हातातून कात्री काढून घेतली, तान्ह्या लेकराच्या हातून सुरी काढावी तशी. "लहानू म्हनते मले. कुठची तू?"

"कामठीची." किती दिवसांनी ते नाव तोंडातून सरळ आलं. "आई शिवते माही."

"दिसते ना. काखेचा बाक दिसते." लहानू मास्तरांनी शेजारच्या हँगरवरचं एक लग्नाचं पोलकं काढलं, जरीकामानं ताठ झालेलं, आणि उलटं केलं. आत साटिनचं अस्तर, आरशासारखं गुळगुळीत, कुठे एक धागा नाही. मॅडमचं क्लीन फिनिश. मग त्यांनी नखानं अस्तराचे दोन टाके सोडवले, भोकातून बोट घातलं आणि डोळ्यानं तिला खुणावलं. सोनिकानंही बोट घातलं. अस्तराच्या पोटात, घडी घालून, चुपचाप निजलेलं, दोन बोटं कापड.

"हरेक पोलक्यात हाय," मास्तर म्हणाले. "इथून गेलेल्या हरेक."

"मॅडमले माहीत हाय?"

"मॅडमच्या आंगावर पाह्य."

काचेपलीकडे मधुवंती मॅडम फोनवर बोलत फिरत होत्या. मोरपंखी रेशमाचं पोलकं. बोलता बोलता त्यांनी हात वर करून केस बांधले, आणि काखेखाली, शिवणीपासून बोटभर अलीकडे, सुईच्या भोकांची बारीक रांग उजेडात चमकून गेली. रेशीम सुईचं भोक विसरत नाही. कधीतरी एका मास्तरनं ते पोलकं उसवून ढिलं केलं होतं, आणि बाईंना वाटलं असेल, बरं झालं, मी काही जाड नाही झाले.

आपल्याला हसू यायला पाहिजे, असं सोनिकाला वाटलं. आलं नाही. आली ती चीडच, पण आता तिला धरायला कोणी सापडेना. मॅडमवर चिडावं तर त्यांना माहीतच नाही. या म्हाताऱ्यावर चिडावं तर तो डोळ्यांतल्या डोळ्यांत हसतोय, अकरा वर्षं अस्तराखाली जगून हसतोय. "मंग सांगत काहून नाही, मास्तर? बाहेर माह्यावर हसल्या त्या."

"सांगू? सांगतलं का मीटिंग होते. मंग एका सेंटिमीटरवर येते. नाही तं मोठ्ठं नाव ठेवते त्याले, लेबल लावते, आन् अलग पैसे लावते." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नाही सांगतलं का बायका घालून राहिल्या चार वर्षं जास्ती. आता बोल, का करू?"

पाच वाजायला एक तास होता. मास्तरांनी मऊ सुती अस्तर काढून दिलं आणि परत आपल्या मशीनवर जाऊन बसले. उजव्या बाजूचं कापड तिनं घडी घालून आत निजवलं, वरून अस्तर ओढलं, हातानं तुरपाई घातली. डावीकडे निजवायला काही नव्हतं. पट्टी जोडून पाहता येईल का, असं तिनं विचारलं तेव्हा मास्तर मान न वळवता म्हणाले, "जोड रुतते आंगाले. गेलं ते गेलं." बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या. इतक्या सारख्या, की तिलाच भीती वाटली.

मॅडमनी पोलकं पुन्हा उलटं केलं. या वेळी काही लोंबलं नाही. "बघ! याला म्हणतात फिनिश." त्यांचं बोट अस्तरावरून फिरत गेलं, डावीकडून खाली, उजवीकडून वर, आणि उजवीकडे क्षणभर थांबलं. सोनिका मॅडमच्या काखेकडे पाहत होती. सांगावं का? आत्ता, इथे, तुमच्या काखेखाली पाहा म्हणावं? ठिपक्यांची ओळ टेबलावर पडली होती. बोट पुढे सरकलं. मॅडमनी पेन घेतलं, सही केली, शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकर घातली. "सोमवारपासून ये. घरी कोणी शिवतं का गं तुझ्या? हात बसलेला आहे."

"आई." आवाज जरा मोठाच निघाला. "आई शिवते. कामठीला. पोलकी आणि फॉल-पिको. मी तिच्या मशीनच्या पायाशी मोठी झाले."

"ओह, नाइस," मॅडम म्हणाल्या, आणि टॅक्सीचा फोन उचलला.

मेट्रोत बसायला जागा मिळाली, तरी ती उभीच राहिली. ऑटोमोटिव्ह चौकातून शेअर ऑटोत कोपऱ्यात दबून बसली, एका बाजूनं कांद्याचं पोतं, दुसऱ्या बाजूनं कुणाचा तरी जाड गुडघा, मांडीवर पिशवी. सही मिळाली होती. आनंद व्हायला हवा होता, आणि होतही असावा, कुठेतरी आत, अस्तराखाली. पण तो हाताला लागत नव्हता. हाताला लागत होती ती खिशात कोंबलेली पांढरी पट्टी. निघताना तिनं ती जमिनीवरून उचलली होती. कशाला, ते माहीत नव्हतं. बाबांच्या ताग्यातली, वीतभराहून थोडी लांब, दोन बोटं रुंद. एवढ्याशा कापडात माणूस किती वाढू शकतं, याचा हिशेब तिला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता.

आई मशीनवरच होती. "भेटली सही?"

"भेटली. सोमवारपासून." सोनिकानं फोल्डर पुढं केलं. आईनं ते घेतलं, कपाळाला लावलं, मशीनवर ठेवलं, आणि हात पिशवीत घातला. पोलकं काढलं आणि सवयीनं उलटं केलं. अस्तर पाहून भुवया वर गेल्या. मग बोटं चालायला लागली. उजवीकडे बोटं थांबली, दाबून पाहिलं, मान हलली. डावीकडे गेली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, काळोखात घराची कडी चाचपावी तशी.

"इकडचं कुठं गेलं?"

सोनिकानं खिशातून पट्टी काढून तिच्या मांडीवर ठेवली. मग सगळं बोलली, एका दमात, रागानं, आकडे नसलेल्या घड्याळापासून मोरपंखी पोलक्यापर्यंत, आणि शेवटी म्हणाली, "कापलं मीच. माह्याच हातानं." मास्तर तिला थांबवायला उशिरा उठले हे तिला सांगायचं होतं, ते तेवढं राहून गेलं.

पट्टी आईनं बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग उठली, पडद्याआड जाऊन पोलकं चढवलं, हुक लावत आरशासमोर आली. बाही सुरेख बसली होती. पाठ सुरेख बसली होती. आई आरशात आपल्याकडे पाहत उभी राहिली, आणि तिनं छाती भरून, पोट भरून श्वास घेतला. उजवीकडचं कापड काही बोललं नाही. डावीकडची शिवण एकदाच, बारीक आवाजात, करकरली.

आईनं श्वास सोडला नाही. तसाच धरून, गाल फुगलेले, ती लेकीकडे वळली.

"मंग आता कसं करू वं सोनू? एकाच बाजूनं वाढू का मी?"